डोळेमिटकीचा उजवा दिवा

अण्णांची गाडी ओढ्यातून वर काढून, दोन बैलजोड्या लावून साताऱ्याला आणली, तेव्हा तिचा डावा डोळा काच तडकूनही टक्क उघडा होता आणि उजवा अर्धवट मिटलेला होता. पेठेतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. कुणी हात जोडले. समोरची म्हातारी पुटपुटली, "बघा, गाडीलासुद्धा पेंग आलीय."

अण्णांची मुलगी उमा सांगलीहून आली तेव्हा गाडी अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली होती. अण्णांचे सगळे दिवस होऊन पाहुणे पांगल्यावर तिनं ताडपत्री उचलली आणि बराच वेळ त्या अर्ध्या मिटल्या दिव्याकडं बघत उभी राहिली.

गाडी अमेरिकन होती. कुठल्याशा लहान संस्थानातल्या जहागीरदारांनी हौसेनं मागवलेली. त्यांच्या मुलाचा विषमज्वर अण्णांनी उतरवला, म्हणून त्यांनी ती हट्टानं अण्णांच्या दारात आणून सोडली होती. हिचे पुढचे दिवे दिवसा कुणाला दिसत नसत. ते दोन्ही मडगार्डांच्या पोटात मिटून असायचे आणि वर नुसती पत्र्याची गुळगुळीत पाठ. गाडीत बसलं की समोरच्या फळीच्या दोन टोकांना दोन लहान हँडलं होती. उजवं उजव्या दिव्याचं, डावं डाव्याचं. हँडल फिरवत राहायचं, की पत्र्याची पापणी उलटायची आणि झोपमोड झालेल्या माणसासारखा दिवा सावकाश वर यायचा. सातारकरांनी तिचं नाव डोळेमिटकी ठेवलं होतं.

स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाचा हात उजव्या हँडलाला पोचायचा, डाव्याला नाही. ते काम शेजारी बसणाऱ्याचं. उमा शाळेत होती तेव्हापासून ती जागा तिची होती. "हं, तुझा डोळा उघड," अण्णा म्हणायचे, आणि दोघं आपापली हँडलं फिरवायची. कुणाचा दिवा आधी वर येतो अशी शर्यत लागायची. पुढं अण्णांनी तिला गाडी चालवायलाही शिकवली, आणि पेठेला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. मग ती सांगलीला शाळेत शिकवायला गेली, आणि डावं हँडल अण्णा निघण्याआधी पलीकडच्या दारानं हात घालून फिरवू लागले.

तिनं आत बसून उजवं हँडल धरलं. दिवा वर आणावा म्हणून जरासं फिरवलं. ते थोडं रिकामंच फिरलं, मग तिच्या बोटांना ओझं लागलं. तिनं हात काढून घेतला. अण्णांनी जिथं ठेवला तिथंच तो दिवा असावा, असं तिला वाटलं.

"बघून झालं का?" नारायणकाका ओटीवरून म्हणाले. अण्णांचे धाकटे भाऊ, निवृत्त मामलेदार. निकाल देण्याची सवय अजून गेली नव्हती. "तुला वाईट वाटेल, पण कुणीतरी बोलायला हवं. दादाचं ध्यान राहिलं नव्हतं. रहिमतपूरहून निघाला, डावा दिवा उघडला, उजवा अर्धा उघडला आणि विसरला. अर्ध्या उजेडात गाडी हाकली. दुसरं काय?"

"अण्णा विसरत होते?"

"तू सांगलीला. तुला कसं कळणार?"

 दिवाळीत उमा आली होती तेव्हा अण्णांनी एकाच पुस्तकाबद्दल दोनदा विचारलं होतं. तेव्हा तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

गावात मात्र लोकांनी काकांचं म्हणणं मनावर घेतलं. त्या संध्याकाळी अण्णा ज्या बाळंतिणीला बघून परतत होते, तिच्या घरच्यांनी त्यांनी दिलेलं औषध उकिरड्यावर ओतलं, अशी बातमी आली. दवाखान्याच्या बंद दारापाशीही लोक येऊन विचारून जात. आम्हाला दिलेलं औषध बरोबर होतं ना? जो डॉक्टर गाडीचा एक डोळा उघडायला विसरतो, त्यानं पुडीत काय बांधलं असेल, कुणी सांगावं! चाळीस वर्षं या माणसाच्या पायांना लोकांनी हात लावून नमस्कार केला होता.

आईनं, गोदावरीबाईंनी, हे सगळं ऐकलं. उमाला एवढंच जाणून घ्यायचं होतं की अण्णा खरंच विसरले होते का. विसरले असतील तर तसं. पण कुणाच्या तरी अंदाजावर तिला ते मान्य करायचं नव्हतं.

गाडी पोवई नाक्यावर लालासाहेबाकडं दुरुस्तीला गेली. लालासाहेब पलटणीच्या मोटारींच्या तुकडीतून नुकताच सुटून आला होता. पत्र्याच्या शेडमध्ये दुकान मांडून बसला होता, आणि गिऱ्हाइकाला आधी वाळवंटातली लढाई ऐकावी लागे, मग गाडीचं निदान. उमा गेली तेव्हा त्यानं खुर्ची पुसून दिली आणि निदान आधी सांगितलं, यावरून त्याला तिचं दुःख कळलं होतं एवढं दिसलं.

"ताईसाब, यात इचार करन्यासारखं काय बी न्हाई. गाडी आदळली, दणका बसला, दिवा खाली आला. तिकडं वाळवंटात तोफेच्या दणक्यानं आमच्या ट्रकांचे दिवे निखळून पडायचे."

"मग डावा का नाही खाली आला? आदळली तर डाव्या अंगावर."

लालासाहेबानं मान खाजवली. "डावा लय खंबीर असंल."

"तुम्ही उजव्यावर जोर देऊन बघा. येतो का खाली?"

त्यानं तळहात टेकून दाबलं. मग दोन्ही हात. मग चिडून तो गडी त्या मडगार्डवर बसलाच. दिवा तसूभर हलला नाही.

"तुमच्याएवढा दणका तर बसला नसेल?" उमा म्हणाली.

"माझं वजन काढू नका, ताईसाब. पलटणीचं रेशन हाय ह्ये." तो उतरला. पण आता त्यालाही कुतूहल वाटायला लागलं होतं. त्यानं स्क्रू काढले, पत्रा उचलला, आणि दोघांनी आत डोकावलं. हँडलापासून आलेल्या लांब पिळाच्या तारेच्या टोकाला मळसूत्राचे आटे होते, आणि त्या आट्यांत दिव्याच्या चाकाचे दाते अडकले होते.

उमा वाकून बघत राहिली. "शेवयांचा पितळी सोऱ्या बघितलाय तुम्ही? वर दांडा फिरवायचा तो?"

"शेवया खाल्ल्यात. बघायचं काम घरच्यांचं."

"दांडा फिरवला की दट्ट्या खाली जातो. पण दट्ट्याला खालून कितीही रेटा, दांडा काही फिरत नाही. हे तसं आहे. हँडलानं दिवा हलतो, दिव्यानं हँडल हलत नाही. म्हणजे दणक्यानं तो खाली येणं शक्य नाही."

लालासाहेब तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचा हात आतल्या खोबणीत गेला आणि काहीतरी घेऊन बाहेर आला. त्याच्या काळ्या बोटांवर तांदळाचे दाणे होते. लालसर, जुनाट, तेलकट.

"आता बोला! अक्षता! ह्येच अडकलं की दात्यात. डाक्तर फिरवत ऱ्हायले, दिवा अर्ध्यात अडकला. सुटला का न्हाई गुंता?"

तो हे अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, आणि नाक्यानं ते ऐकलं. उमा घरी पोचायच्या आत नारायणकाकांना कळलं होतं, आणि त्यांच्याकडून आईला.

आई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात निवडायला घेतलेले तांदूळ होते. हात थांबलेले होते.

"खंडेनवमीला मीच टाकायची," त्या म्हणाल्या. "हे गाडी धुवून हार घालायचे आणि म्हणायचे, ओवाळ आता. मी म्हणायची, डोळे मिटलेल्याला कसं ओवाळू? आधी डोळे उघडा तिचे. निरांजन दिसायला नको का तिला? मग हसत हसत हँडलं फिरवायचे. मी काचेला कुंकू लावायची, अक्षता टाकायची. मग दिवे मिटले की जायच्या आत." त्यांनी उमाकडं बघितलं. "माझ्या तांदळानं का गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण उमाला ते अजून माहीत नव्हतं, आणि न तपासलेलं उत्तर आईला द्यायला तिची जीभ वळली नाही.

"उद्या नीट बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली ती घरातली भिंगाची काच घेऊन. अण्णा कानातला मळ बघायला वापरायचे ती. लालासाहेब हसला, मग बाजूला होऊन त्यानं तिला जागा दिली. खोबणीत तांदूळ पुष्कळ होते, कितीतरी खंडेनवम्यांचे. पण ते खाली, पाणी वाहून जायच्या भोकाजवळ गोळा झालेले. दाते वर होते. दात्यांवर ग्रीसचा जाड थर होता आणि त्यात एकही दाणा नव्हता, भरड नव्हती, की लाल डागही नव्हता.

"दाणा दात्यात सापडला असता तर पीठ झालं असतं," उमा म्हणाली. "जात्यात होतं तसं."

लालासाहेबानं स्वतः बोट फिरवून बघितलं. मग हँडल फिरवलं. दिवा मऊ लोण्यासारखा वर आला आणि खाली गेला. "अडकत न्हाई," तो नाइलाजानं म्हणाला. "म्हंजे काका म्हन्त्यात त्येच. अर्धा उघडला आन् इसरले."

उमा गाडीत जाऊन बसली. अण्णांनी तसं केलं असेल, तर शेवटची हालचाल वरच्या दिशेची असणार. तिनं हँडल वर फिरवलं, थांबली, पुन्हा वर फिरवलं. लगेच ओझं लागलं. मग खाली फिरवलं. आधी जरा रिकामं फिरलं, मग दिवा हलला. पुन्हा खाली: लगेच हलला. आता पुन्हा वर.

हँडल जरासं रिकामं फिरलं आणि मग ओझं लागलं. तिचा हात तिथंच राहिला. ही चाल तिच्या बोटांच्या ओळखीची होती.

"लालासाहेब, इकडं या. मी दिवा वर करून थांबते. तुम्ही आणखी वर करा."

"लगीच उचलतोय."

"आता मी खाली करून थांबते. तुम्ही वर करा."

"आदी ढिलं हाय. तारंचा पीळ उलटा व्हतोय ना. मग?"

"अंगणात मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा वर फिरवलं होतं. अण्णांनंतर माझ्याआधी कुणी हात लावलेला नव्हता. हँडल आधी ढिलं फिरलं होतं."

लालासाहेबाला ते डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. उतरलं तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"म्हंजे डाक्तर दिवा उघडत न्हवते. झाकत व्हते."

"हो."

"आन् अंधाऱ्या रस्त्याला चालती गाडी असताना मानूस दिवा कशापायी झाकंल?"

ते उमालाही माहीत नव्हतं. पण आता विचारायला नेमका प्रश्न होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखी वाटली. दोघांनी शेवचिवडा मागवला.

डाव्या दिव्याची काच लालासाहेबानं लष्करी मोडीतून पैदा केली. दिवेलागणीला गाडी शेडच्या भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिवे उघडले, उजेडाची वर्तुळं भिंतीवर पडली, आणि त्याला पुन्हा बोलायला विषय मिळाला.

"ह्ये कुनी बसवलं? लय खाली मारतंय. हितं बघा, दिव्याच्या बुडाला चामड्याचं तुकडं घातल्यात. चपलेचा अंगठा कापून घातलाय वाटतं! नाक खाली करून बसवलंय दिव्याला. म्या काढून टाकतो."

"थांबा. उजेडाची वरची कड कुठं लागते?"

त्यानं चुन्यानं भिंतीवर रेघ मारली. शेडशेजारी कडब्याची एक गाडी सुटलेली होती आणि तिचे बैल वैरण खात भिंतीलगत उभे होते. रेघ त्यांच्या वशिंडापर्यंत पोचत नव्हती. डोळ्यांपर्यंतही नव्हती. गळ्याच्या लोंबत्या पोळीखाली संपत होती.

दोघांनीही ते बघितलं. लालासाहेबाच्या घरी दोन बैलजोड्या होत्या. त्याला सांगावं लागलं नाही.

"बैल बुजतंय उजेडाला," तो म्हणाला. "डोळ्यांत उजेड गेला की जागच्या जागी खिळतंय, न्हाईतर उधळतंय. आन् गाडीवान तर झोपलेलाच. बाजार करून निगाला की कासरा सैल सोडून आडवा व्हतोय. बैलांस्नी घर ठावं असतंय."

"आणि बैल चालतात रस्त्याच्या मधून."

"व्हय. त्यांच्या बाचा रस्ता."

समोरून येणाऱ्याच्या बाजूला पडतो तो उजवा दिवा. उमानं हे मोठ्यानं म्हटलं नाही. चामड्याचे तुकडे तिनं परत जागेवर बसवायला लावले आणि दोन्ही वर्तुळं एका रेषेत येईपर्यंत लालासाहेबाला स्क्रू पिळायला लावला.

पण अण्णा बैलांसाठी तो दिवा झाकत होते, हा अजून अंदाजच होता, काकांच्या अंदाजासारखाच एक. म्हणून रहिमतपूरच्या बाजाराच्या दिवशी, सूर्य टेकल्यावर, ती गाडी घेऊन त्या रस्त्याला निघाली. डावीकडं लालासाहेब बसला होता, गुडघे फळीला टेकवून.

"लढाईत सुदिक बाईमानसानं गाडी हाकलेली न्हवती बघितली," तो म्हणाला.

"घाबरताय?"

"मी? इटालीत..." रस्त्याला खड्डा आला आणि इटली राहून गेली.

अंधारू लागलं तसे दोघांनी दिवे उघडले. लालासाहेबाचा उशिरा वर आला. बाभळी मागं पडत गेल्या. ओढ्याच्या अलीकडं वळण होतं. वळणावर उजेड फिरला आणि समोर चार हिरवे ठिपके चमकले.

बैल रस्त्याच्या मधोमध उभे होते. एक पाऊल उचललेलं तसंच. गाडीत कुणी दिसत नव्हतं.

चामड्याचे तुकडे होते, पण वळणावर चढ होता आणि चढावर उजेड सरळ डोळ्यांत जात होता. उमाचा उजवा हात हँडलाकडं गेला. ती फिरवू लागली, आणि तिला कळलं की स्टेअरिंगवर आता एकटा डावा हात आहे आणि तो गाडीला डावीकडं ओढतो आहे, आणि हँडल फिरवताना माणसाची नजर हँडलाकडंच जाते. डावीकडं तोच ओढा होता.

"लालासाहेब, डावा!"

तो आधीच फिरवत होता. तिनं हँडल सोडून दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. उजवा दिवा अर्ध्यावर राहिला होता. त्याचा उजेड चाकापुढच्या मातीत पडला होता.

बैलांनी श्वास सोडला. गाडीत पोत्यांमागून एक मुंडासं वर आलं.

"कोन हाय? का थांबलं रं, सर्जा?"

"वाट देतोय, दादा. चला तुमी," लालासाहेब ओरडला.

तो माणूस उतरून पुढं आला. पन्नाशीचा, हातात कासरा, डोळ्यांवर झोप. त्यानं मडगार्डवरून हात फिरवला.

"डाक्तरांची डोळेमिटकी ही. आन् तुमी?"

"त्यांची मुलगी."

त्यानं मुंडासं काढलं. "मी आकाराम. हितं खालच्या वाडीचा. लय देवमानूस बगा. हा दिवा हाय न्हवं, बैलं दिसली की खाली घालायचे. शिव्या बी द्यायचे, झोपतोस व्हय रं भाड्या म्हनून. पर दिवा घालायचे खाली. एक ह्यो. पल्याडला हात पोचत न्हाई म्हनायचे, पोरगी सांगलीला हाय."

उमानं पलीकडच्या डाव्या हँडलाकडं बघितलं.

"माजी बैलं त्या दिव्याला वळखायची. खाली गेला की आपनहून बाजूला व्हायची. मागं एकदा मातुर हितंच खिळली. मला जाग आली तर म्होरं कोन न्हाई, मागं कोन न्हाई. खाली ओढ्यात तेवढी एक बत्ती दिसत व्हती. म्हनलं, कोनतरी खेकडी धरतंय. हाकली गाडी आन् गेलो घरला."

"कवा?" लालासाहेबानं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. "कवा म्हनालास?"

आकारामनं आठवायला मान वर केली.

अण्णा जागीच गेले होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी उमाला तसं स्पष्ट सांगितलं होतं. सकाळी धनगरांना गाडी सापडली तेव्हा डावा दिवा अजून मिणमिणत होता, असंही. या माणसानं ओढ्यात उतरून बघितलं असतं तरी काही बदललं नसतं. पण त्याला ते कुणी कितीही सांगितलं, तरी तो यापुढं या वळणावर झोपू शकला नसता.

"असू दे, आकारामदादा," ती म्हणाली. "उशीर होतोय तुम्हाला. घरी वाट बघत असतील. सर्जा दमलाय."

"व्हय जी." तो वळला. मग थांबला. "ताई, गाडी तुमी हाकनार का आता?"

"शिकवली आहे त्यांनी."

"मग बरं हाय."

बैलगाडी शेजारून गेली. चाकाचा आस मडगार्डच्या अगदी जवळून गेला. लालासाहेब समोर बघत बसला होता.

"हे नाक्यावर जायचं नाही," उमा म्हणाली. "दिव्याचं सांगा. हँडलाचं सांगा, वाळवंट घालून सांगा. या गाडीवानाचं नाही."

"आईची आन, ताईसाब."

बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज वळणापलीकडं जाईपर्यंत ती थांबली.

"हं," मग ती म्हणाली, "तुमचा डोळा उघडा."

घरी ओटीवर नारायणकाका कंदिलाशी वर्तमानपत्र वाचत होते. आई उंबऱ्यातच उभ्या होत्या. उमानं चपला काढल्या.

"तांदूळ नव्हते, आई. दात्यात एकसुद्धा नव्हता. आणि अण्णा विसरलेही नव्हते. दिवा त्यांनी स्वतःच्या हातानं मिटायला घेतला होता. समोर बैलगाडी होती. बैलांच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून नेहमी मिटायचे."

काकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. काहीतरी विचारायचं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून बसले.

आईंनी अंगणातल्या गाडीकडं बघितलं. दोन्ही दिवे मिटलेले होते.

"बैलांना काही झालं नाही ना गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," उमा म्हणाली. "बैल घरी पोचले."